मांजराला वाजू नये, माणसाला चुकू नये: कुंपणाच्या बीमचे कानमंत्र

पोरी, सोसायटीची सेक्रेटरी झालीस म्हणून आधी पाठीवर शाबासकी. आणि पहिल्याच महिन्यात कंपाउंड वॉलला इन्फ्रारेड बीम बसवायचं मनावर घेतलंस, तीन कोटेशनंही मागवलीस! तू लहानपणापासून अशीच, आधी चप्पल पायात आणि मग ‘कुठे जायचंय?’ ती कोटेशनं चार दिवस फायलीत राहू देत. ठाण्यापासून कल्याणपर्यंत भिंतींच्या कडेकडेने आयुष्य काढलेल्या काकाचं तेवढं ऐकून घे.

एक गोष्ट पक्की धर, बाकी सगळं तिच्यातूनच निघतं. बीम चोराला अडवत नाही, तो फक्त हाक मारतो. रोज रात्री त्या हाकेला मांजरच निघालं, तर आठवड्याने वॉचमन उठायचा थांबतो आणि महिन्याने कुणीतरी स्विचच बंद करतो. म्हणून बीम निवडताना चोराचा विचार नंतर. चोर नसताना त्या भिंतीवरून काय काय जातं, ते आधी बघ.

यंत्र तसं साधं आहे. एका खांबावर ट्रान्समीटर, समोरच्यावर रिसीव्हर, आणि मधे डोळ्यांना न दिसणारा किरण, ताणलेल्या दोरीसारखा सरळ. तो तुटला की रिसीव्हर वॉचमन केबिनमधल्या अलार्मच्या पॅनेलला कळवतो. तुमच्या लिफ्टच्या दारात हात घातला की दार परत उघडतं ना, तिथेही हेच चाललेलं असतं.

१. कोटेशन उघडण्याआधी भिंतीची फेरी मार, एकदा दुपारी आणि एकदा रात्री अकरानंतर — मांजरांची वाट, कावळ्यांची बसायची जागा आणि शेजारच्या झाडाची झुकलेली फांदी दिवसा एक सांगते, रात्री दुसरंच.

२. प्रत्येक सरळ तुकडा मोजपट्टीने मोज, पावलांनी नको — किरण वळत नाही, आणि आपल्याकडची भिंत सरळ दिसली तरी मधेच हातभर आत-बाहेर गेलेली असते.

३. जमिनीचा चढउतारही टिपून ठेव, येऊरच्या पायथ्याला किंवा घोडबंदर रोडच्या डोंगराकडच्या बाजूला तर नक्कीच — किरण सरळ जातो, जमीन खाली जाते, आणि त्या खळग्यातून माणूस आरामात सरपटत येतो.

४. भिंतीवरून उड्या कुठे पडतात ते वॉचमनला आणि झाडूवाल्या मावशींना विचार — बाहेरून टेकवलेली हातगाडी, शेजारची पत्र्याची शेड, डीपीचा कट्टा, या पायऱ्या त्यांना ठाऊक असतात, कमिटीला नसतात.

५. जिथे भिंत पडकी किंवा बुटकी आहे तिथे आधी गवंडी बोलाव, बीमवाला नंतर — हाक ऐकून धावायला जी दोन मिनिटं मिळतात, ती भिंत देते, किरण देत नाही.

६. ‘तारेत करंट सोडू या’ असं बैठकीत कुणी म्हणालं तर तिथल्या तिथे थांबव — त्या तारेला पहिला हात चोराचा लागत नाही, चेंडू आणायला गेलेल्या पोराचा लागतो. बीमचा किरण अंगावर पडला तरी कुणाला इजा नाही, ही त्याची मोठी जमेची बाजू.

आता निवडीकडे.

७. उघड्या आवारात घरातल्यासारखा उष्णता ओळखणारा पीआयआर सेन्सर लावू नकोस — तो अंग आणि आजूबाजू यांच्या तापमानातला फरक बघतो, आणि मे महिन्यात आपल्याकडची हवाच अंगाइतकी तापलेली असते. वर तापलेला पत्रा नि हलती फांदी त्याला माणूस वाटते. बीमला गरम-गारशी देणंघेणं नाही.

८. एका किरणाचा बीम स्वस्त पडला तरी बाहेरच्या भिंतीला घेऊ नकोस. कमीत कमी दोन किरणांचा घे, दोन्ही एकदम तुटले तरच वाजणारा — पान पडलं, कावळा उडाला, तर एकच किरण तुटतो आणि सगळे झोपलेले राहतात.

९. माकडं, मोठे पक्षी, भटकी कुत्री यांचा राबता असेल तिथे चार किरणांचा — उंचीत जास्त जागा एकदम अडली तरच तो ओरडतो, आणि तेवढं अडवायला माणूसच लागतो. मात्र चारही तुटल्यावर वाजतो की शेजारशेजारचे दोन, हे विकणाऱ्याला विचार आणि कागदावर लिहून घे.

१०. पल्ल्याच्या आकड्यावर भाळू नकोस. पेटीवर पुष्कळदा दोन आकडे असतात, घराबाहेरचा लहान नि घरातला मोठा. काही मॉडेलांत मोठा आकडा लहानाच्या तिप्पट असतो आणि जाहिरातीत नेमका तोच झळकतो. तुझी भिंत ६० मीटर असेल तर बाहेरच्या १०० मीटरचा घे — जुलैतल्या सरी, काचेवरची धूळ आणि थोडा सरकलेला खांब हे तिघे मिळून त्यातला पल्ला खातात, आणि उरलेल्यात तुझी भिंत बसायला हवी.

११. आणि शंभराला पुरणाऱ्याच्या जागी दोनशेचाही नको — किरण लांब जातो तसा पसरतो, आणि जास्तीचा प्रकाश ओल्या भिंतीवरून, पत्र्यावरून, गाडीच्या काचेवरून उडून रिसीव्हरपर्यंत पोचतो. मग माणूस मधे उभा असूनही रिसीव्हरला वाटतं, सगळं ठीक आहे.

१२. किरण किती वेळ तुटल्यावर वाजायचं, हे ठरवता येणारा बीम घे — चालणारा माणूस किरण साधारण पाव सेकंद अडवतो, जीव खाऊन पळणारा सेकंदाचा विसावा भाग. मोकळ्या मैदानात वेळ कमी ठेव. भिंतीवर चढणारा हळूच उतरतो, तिथे थोडा वाढवलास तर पाखरं सुटतात आणि माणूस सापडतो.

१३. दोनपेक्षा जास्त जोड्या लागणार असतील तर चॅनेल बदलता येणाराच माग — एका जोडीचा प्रकाश दुसरीच्या रिसीव्हरमध्ये शिरला तर तो आपला किरण तुटल्याचं ओळखतच नाही.

१४. कोपऱ्यावरच्या खांबाला दोन बीम येतात. तिथे दोन्ही ट्रान्समीटर किंवा दोन्ही रिसीव्हर ठेव, मिसळ नको — कारण वरचंच. आणि कोपऱ्यात दोन्ही किरण एकमेकांना ओलांडून जाऊ देत, नाहीतर नेमका खांबाजवळ वीतभर जागा मोकळी राहते.

१५. दाट धुकं किंवा धो धो पाऊस आल्यावर ‘मला दिसत नाही’ असं वेगळं कळवणारा बीम मिळत असेल तर चार पैसे जास्त दे — पावसाचा निरोप आणि चोराचा निरोप वेगळ्या दिव्यावर आले, तर वॉचमनचा विश्वास टिकतो.

१६. आवरण आयपी ६५ चं हवं — त्यातला ६ म्हणजे धूळ आत जाणार नाही आणि ५ म्हणजे पाण्याच्या फवाऱ्याला दाद देणार नाही. आपल्याला दोन्ही लागतात, घोडबंदरला तर पावसाळा सोडून आठही महिने धूळ.

१७. सोलरवरचा बिनतारी बीम फक्त जिथे वायर नेणं खरंच अशक्य आहे तिथे — आषाढात सलग ढग राहिले की बॅटरी भरत नाही, आणि आरसीसीच्या दोन बिल्डिंगी मधे आल्या की त्याचा निरोपही अडतो.

कमिटीत कुणीतरी ‘सीमेवर असतं तसं लेझर आणू’ म्हणेल. जम्मूच्या सीमेवर सप्टेंबर २०१८ मध्ये सुरू झालेल्या त्या यंत्रणेत एकट्या किरणावर काही सोडलेलं नव्हतं. कॅमेरे, रडार, जमिनीतले सेन्सर, नियंत्रण कक्ष आणि धावून जाणारे जवान, असं सगळं जोडलेलं होतं. तुला त्यातून घ्यायचं असेल तर शेवटचं घे: हाक आली की कोण जाणार, ते आधी ठरलेलं असणं.

बीम कुठे लावायचा, इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण कोटेशनमध्ये हे कुणी लिहीत नाही. बीमवाला येतो, भिंतीच्या माथ्यावर दोन टोकांना ब्रॅकेट ठोकतो आणि किरण माथ्यावरून वीतभर उंचीने सोडतो. दिसायला छान. पण भिंतीचा माथा हा मांजरांचा हमरस्ता आहे आणि कबुतरांची बैठक. मांजर चालताना वीतभरापेक्षा उंच असतं. ते माथ्यावरून निघालं की दोन्ही किरण एकदम अडवत पुढे जातं. तिथे दोन किरणांचा बीमही वाजणारच. तोच बीम लांब ब्रॅकेटवर भिंतीच्या आतल्या अंगाला हातभर सरकवला, माथ्यापेक्षा थोडा खाली घेतला, तर मांजर वरून निघून जातं आणि उतरणारा माणूस मात्र त्यातूनच खाली येतो. पंजा वरून, पाय मधून.

१८. आतल्या अंगाला लावताना खाली पार्किंग आहे का बघ — डिकी उघडी टाकून सामान काढणारा रहिवासी आणि टपावर उभं केलेलं सायकलचं स्टँड रोज रात्री वाजवतील.

१९. मोकळ्या जागेत खांबावर लावायचा तर किरण साधारण कमरेच्या जरा खाली, पाऊण ते एक मीटरवर — खाली गेला की कुत्री, वर गेला की वाकून निसटणारा.

२०. खांब जीआयचा आणि जाड, पायात काँक्रीट आणि अँकर बोल्ट. झाडाला, ग्रिलला, पत्र्याच्या कुंपणाला बीम बांधू देऊ नकोस. खांब डुलला तर पहारा भुलला — शंभर मीटरवर किरणाची नजर बोटभर वळली तरी तो समोरच्याला चुकतो.

२१. रेल्वे रुळाला लागून भिंत असेल किंवा कल्याण-शीळ रोडसारखा कंटेनरचा रस्ता शेजारी असेल, तर खांबाचा पाया आणखी खोल घे — एक गाडी काही करत नाही, पण रोजच्या हादऱ्यांनी स्क्रू हळूहळू सुटतात.

२२. स्क्रू आणि क्लॅम्प स्टेनलेस स्टीलचे — मोठागाव, कोपर, रेतीबंदरच्या बाजूला खाडीची खारी हवा आणि एमआयडीसीच्या बाजूला रसायनांची. साधा स्क्रू दोन पावसाळ्यांत गंजतो आणि मग बीम उघडताही येत नाही.

२३. पूर्व-पश्चिम भिंतीवर रिसीव्हर कुठे ठेवायचा ते उन्हाकडे बघून ठरव — मार्च आणि सप्टेंबरच्या २१-२३ तारखेच्या आसपास सूर्य बरोबर त्या रेषेत उगवतो नि मावळतो, आणि रिसीव्हरच्या डोळ्यात सरळ ऊन गेलं तर त्याला किरण दिसत नाही. ज्या टोकासमोर एखादी उंच बिल्डिंग ते तिरपं ऊन अडवते, त्या बाजूला तोंड करून रिसीव्हर लाव.

वायरिंगवर कमिटी कधीच बोलत नाही, आणि निम्मी दुखणी तिथलीच. हिशेब करून बघ, शाळेतलाच आहे. अर्ध्या चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरमागे साधारण ०.०३५ ओहम. शंभर मीटर जायचे, शंभर यायचे, म्हणजे सात ओहम. चार जोड्या मिळून ३०० मिलिअँपिअर ओढत असतील तर वाटेतच दोन व्होल्ट गेले. पॅनेलपाशी १२ निघालेले टोकाला १० पोचतात, आणि पुष्कळ बीम साडेदहाच्या खाली नीट चालत नाहीत. असा बीम वीज असेपर्यंत कसाबसा चालतो, वीज गेली आणि बॅटरी जरा उतरली की वेड्यासारखा वाजतो, आणि सगळे बीमला नावं ठेवतात. दीड चौरस मिलिमीटरची तार घातली तर तीच घट पाऊण व्होल्टच्या आत राहते.

२४. म्हणून शेवटच्या बीमपाशी मल्टीमीटर लावून व्होल्टेज वाचून दाखवायला सांग, वीज चालू असताना आणि मेन स्विच पाडून बॅटरीवर — पॅनेलजवळचा आकडा बघून खूश होणं म्हणजे टाकी बघून नळाला पाणी आहे असं मानणं.

२५. बॅटरी ७ अँपिअर-अवरची असेल तर ३०० मिलिअँपिअरवर कागदावर तेवीस तास निघतात. तू निम्मेच धर — पॅनेल, हूटर आणि बॅटरीचं वय त्यातूनच जेवतं, आणि महावितरणचं देखभालीचं काम कधी कधी दिवसभर चालतं.

२६. वायर जीआय कंड्युटमधून ने, आणि खोक्यात शिरते ते भोक ग्लँड लावून, वर सीलंट भरून बंद कर — बाहेर घूस वायर कुरतडते, आत मुंग्या आणि पाली उबेला येतात. पाल काचेच्या मागे बसली तर दोन माणसं तासभर भिंत शोधत राहतात.

२७. रिले ‘एनसी’वर (नॉर्मली क्लोज्ड) जोडलेला हवा, आणि झाकण उघडल्यावर वाजणारा टॅम्पर दिवसाही चालू हवा — वायर कापली तरी हाक गेली पाहिजे, आणि शहाणा चोर दुपारी येऊन झाकण उघडून ठेवतो.

२८. पॅनेलला सर्ज अरेस्टर आणि नीट अर्थिंग — मेअखेरच्या आणि ऑक्टोबरच्या विजांमध्ये लांब वायरीच आधी मार खातात.

२९. पॅनेल आणि बॅटरी वॉचमन केबिनच्या जमिनीवर नको, छातीच्या उंचीवर लाव — २६ जुलै २००५ ला कल्याण-बदलापूरमध्ये उल्हासचं पाणी कुठे चढलं, ते जुन्या रहिवाशांना विचार. २७ जुलै २०१९ ला त्याच नदीच्या पाण्यात महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या मधे अडकली होती. सखल भागात पुराच्या पाण्याची खूण बघून त्याच्या वर खिळा ठोक.

३०. तुझ्या दिराचा डोंबिवली एमआयडीसीतला कारखाना आहे, त्याला हे वेगळं सांग: सॉल्व्हंट ठेवतात किंवा भरतात त्या भागात साधा बीम, साधा हूटर, साधा स्विच काही नको, तिथे मान्यताप्राप्त फ्लेमप्रूफ सामानच चालतं — रिलेची एक ठिणगी वाफेला पुरते. बीम बाहेरच्या कुंपणावर, वाफेपासून लांब ठेवायचा आणि जागा त्याच्या सेफ्टी ऑफिसरला विचारून ठरवायची. २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ या स्फोटांच्या तारखा त्या वस्तीत कुणी विसरलेलं नाही. माल राखताना माणसं राखायची राहू नयेत.

३१. येऊरच्या जंगलाला लागून भिंत असेल तर रात्री बीम वाजल्यावर वॉचमनला एकट्याला काठी घेऊन पाठवू नका. आधी दिवा लावा, कॅमेऱ्यात बघा — तिथे भिंतीवरून येणारा बिबट्याही असू शकतो, आणि तो त्याच्या वाटेने निघालेला असतो. बिबट्या दिसला तर दूर राहून वनविभागाच्या १९२६ वर फोन, आणि माणूस दिसला तर ११२ वर.

३२. प्रत्येक भिंतीचा झोन वेगळा ठेव, आणि केबिनमध्ये भिंतींचा मोठा नकाशा लाव, वॉचमनला वाचता येणाऱ्या भाषेत — ‘कुठेतरी वाजलं’ आणि ‘मागची भिंत, पंपरूमजवळ’ यात पुरी दोन मिनिटं असतात.

३३. बीम तुटला की त्या भिंतीचा दिवा लागावा आणि कॅमेरा पडद्यावर यावा, असं जोडून घे — बहुतेक चोर उजेड पडल्यावर परत जातात, आणि वॉचमनलाही न बघता अंधारात शिरावं लागत नाही.

३४. गेटच्या रेषेत बीम नको; तिथे दाराला मॅग्नेटिक स्विच बरा — दूधवाला, पेपरवाला आणि पहिल्या लोकलला पळणारी माणसं यांनी रोज पहाटे अलार्म का सोसावा?

३५. गणपती, नवरात्र, लग्नाचा मांडव, यांच्या आधी मंडपवाल्याला किरणाची रेषा दाखव, आणि झोन बंद ठेवला तर कधी, कुणी, किती वाजेपर्यंत, हे रजिस्टरमध्ये लिहून सही घे — उत्सवात बंद केलेला झोन दिवाळीपर्यंत बंद राहतो, कारण तो कुणाच्याच डोक्यात नसतो.

३६. खोटा अलार्म झाला तरी वॉचमनला रागावू नकोस, उठून गेला म्हणून त्याला चहा पाज आणि कारण लिहून घे — महिनाभराच्या नोंदी वाचल्या की दोषी फांदी आपोआप सापडते.

३७. मेच्या मध्यावर एकदा आणि गणपती उठल्यावर एकदा भिंतीकडेची साफसफाई ठरवून टाक — पावसात टाकळा आणि एरंड बघता बघता कमरेला लागतात, भिंतीच्या भेगेतून पिंपळ निघतो, आणि पाऊस ओसरला की बीमच्या काचेवर कोळी घर करतो. काच ओल्या मऊ फडक्यानेच पुसायची, थिनर लावला तर धुरकट होते.

३८. ट्रान्समीटर जिवंत आहे का, ते अंधारात फोनच्या पुढच्या कॅमेऱ्यातून बघ. पुष्कळ फोनमध्ये जांभळट ठिपका दिसतो — मेकॅनिकला बोलावण्याआधी अर्धं निदान घरीच होतं. ठिपका नाही दिसला म्हणून मात्र लगेच ‘गेला’ म्हणू नकोस.

३९. आतल्या छोट्या स्विचांचा, चॅनेलचा आणि वेळेच्या सेटिंगचा फोटो काढून सोसायटीच्या फायलीत लाव, आणि त्याच मॉडेलची एक जोडी कपाटात ठेव — मॉडेल बंद होतात, मेकॅनिक बदलतात, पावसाळा मात्र वेळेवर येतो.

४०. कोटेशनमध्ये बीम, खांब, खोदाई, वायर, बॅटरी, कंड्युट यांचे दर वेगवेगळे लिहायला लाव — स्वस्त दिसणाऱ्या कोटेशनमध्ये बीम तोच असतो, खांब आणि वायर बारीक झालेले असतात.

४१. काम ताब्यात घेताना स्वतः उभी राहा: मुलांपैकी एकाला चालायला लाव, एकाला पळायला, एकाला सरपटायला, प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही टोकांना आणि मधोमध — मधे पकडणारा बीम टोकाला सोडतो, असं पुष्कळदा होतं. पोरं आनंदाने करतील, तूही त्या वयात केलं असतंस.

४२. आणि शेवटचा हप्ता राखून ठेव, ऑर्डरमध्येच तसं लिही: जुलैतल्या एका मुसळधार रात्री बीमवाल्याने येऊन पुन्हा तीच चाचणी द्यायची, मग चेक — एप्रिलमध्ये सगळेच बीम चांगले चालतात.